विमान सोडायचं की थांबवायचं: एअर फोर्स रिझर्व्हमधल्या ऑपरेशन्स डेस्कबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी थोडक्यात लिहिलं होतं की आठवडाभर मी इथे कॅलिफोर्नियात ऑफिसची नोकरी करते आणि महिन्यातला एक वीकेंड अमेरिकन एअर फोर्स रिझर्व्हच्या, म्हणजे हवाई दलाच्या राखीव दलाच्या, युनिफॉर्ममध्ये एका फ्लाइंग स्क्वाड्रनच्या ऑपरेशन्स डेस्कवर असते. त्यावर इतके मेल आले की यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. इथे लिहितेय ते माझं स्वतःचं मत आहे, एअर फोर्सचं नाही, आणि माझं युनिट कुठलं, तिथून काय कधी उडतं हे मी लिहिणार नाही, तेवढं समजून घ्या.

प्रश्न: ताई, माझा मुलगा न्यू जर्सीत असतो, गेल्या वर्षी तिकडचा सिटिझन झाला. आता म्हणतो एअर फोर्स रिझर्व्हमध्ये जाणार, फ्लाइट ऑपरेशन्सचं काम आहे, पार्ट-टाइम आहे, तू काळजी करू नकोस. तो विमान चालवणार का? युद्धावर पाठवतील का? मला झोप नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर: काकू, विमान तो चालवणार नाही. तुम्ही एसटीच्या डेपोत तो कंट्रोलर बघितला असेल, कुठली गाडी कुठल्या ड्रायव्हर-कंडक्टरला द्यायची, कोणाची रात्रपाळी झालीय, कोणाची ड्युटी बदलायची, हे सगळं त्याच्या टेबलावर ठरतं आणि त्याने कागद दिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही, तसलं काम आहे हे, फक्त गाडीच्या जागी चार इंजिनांचं विमान असतं. क्रूच्या नोंदी ठेवायच्या, कोण उडायला पात्र आहे ते तपासायचं, फ्लाइटचे आदेश काढायचे, परत आल्यावर तास लिहायचे. न्यू जर्सीत मॅग्वायर बेसवर रिझर्व्हचं ५१४ एअर मोबिलिटी विंग आहे, त्यांच्याकडे सी-१७ ही मालवाहू विमानं आणि केसी-४६ हे हवेत इंधन भरणारे टँकर असतात, तो बहुधा तिथलंच बोलत असेल.

युद्धाचं मात्र मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. हो, बोलावू शकतात. रिझर्व्ह ठेवतातच त्यासाठी. सरकारने मोबिलाइझ केलं की पार्ट-टाइम माणूस फुल-टाइम होतो, कधी काही महिने, कधी जास्त, आणि परदेशातल्या बेसवरही जावं लागू शकतं. ऑपरेशन्सवाला माणूस तिथेही डेस्कवरच असतो, बंदूक घेऊन पुढे चालणाऱ्यांतला नसतो, पण बेसवर धोका नसतोच असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर ते खरं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल सोडताना अमेरिकेने आणि इतर देशांनी मिळून सव्वा लाखाच्या आसपास माणसं विमानांनी बाहेर काढली, एका सी-१७ मध्ये एका वेळी ८२३ लोक बसवले होते, त्यात १८३ मुलं. त्या उड्डाणांत रिझर्व्हचे क्रूसुद्धा होते, आणि आदल्या आठवड्यात त्यातले कितीतरी जण आपापल्या नोकरीवर असतील. त्या क्रूंचे आदेश, विश्रांतीचे तास, पुढचा क्रू कुठे उभा करायचा हे सगळं कोणीतरी डेस्कवर बसून करत होतंच की.

काकू, त्याला एवढंच विचारा की सही किती वर्षांची आहे. पहिल्यांदा भरती होताना एकूण बांधिलकी ८ वर्षांची असते, त्यातली ठरलेली वर्षं, बरेचदा ६, दर महिन्याला हजेरी असते आणि उरलेली नावापुरती यादीत, पण त्या यादीतूनही बोलावता येतं. हे त्याला माहीत असेल आणि तरी तो जात असेल तर त्याने विचार केलाय असं समजा.

प्रश्न: ऑपरेशन्स डेस्कवर नेमकं काय चालतं? बाहेरून सगळं एक्सेल शीटचं काम वाटतं. (सॉफ्टवेअर इंजिनिअर, फ्रीमाँट)

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात आवडला म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

समजा शनिवारी सकाळी एक सी-१७ ट्रेनिंगला जाणार आहे, तीन पायलट आणि दोन लोडमास्टर. लोडमास्टर म्हणजे मागच्या पोटात माल कसा भरायचा, वजन कुठे किती ठेवायचं हे बघणारा माणूस. या पाच जणांच्या नावाने फ्लाइट ऑथरायझेशन नावाचा आदेश निघतो, कोण कुठल्या पोझिशनवर, कुठल्या क्वालिफिकेशनवर जातोय ते त्यात असतं, आणि त्यावर अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. तो आदेश तयार करण्याआधी मी एकेक नाव उघडते. मेडिकल चालू आहे का, की फ्लाइट सर्जनने, म्हणजे क्रूच्या डॉक्टरने, त्याला तात्पुरतं जमिनीवर ठेवलंय? साधी सर्दी झाली आणि कान बंद असतील तरी उडता येत नाही, उंचीवर दाब बदलला की कानाचा पडदा फाटू शकतो. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की आपल्याला काय होतं ते ओळखायचं ट्रेनिंग दर ५ वर्षांनी परत करावं लागतं, ते संपलंय का? शेवटची चेकराइड, म्हणजे विमानातली परीक्षा, कधी झाली? रात्रीचं लँडिंग कधी केलं होतं? मग एक फाइल असते क्रूसाठीच्या सूचनांची, समजा काल रात्री नवीन सूचना आली की अमुक एका स्विचची पद्धत बदललीय, तर ती वाचल्याची सही प्रत्येकाची हवी, एकाची जरी नसेल तर नो-गो, म्हणजे उड्डाण नाही.

आणि हा नो-गो म्हणजे खरोखरचा नो-गो असतो. एकदा असं झालं की विमान तयार, इंधन भरलेलं, मेकॅनिक बाहेर थंडीत उभे, आणि एका लोडमास्टरचं मेडिकल आदल्या दिवशी संपलेलं. एकच दिवस. माणूस अगदी ठणठणीत, वर्षानुवर्षं उडणारा. एअरक्राफ्ट कमांडर डेस्कपाशी आला, हुद्द्याने लेफ्टनंट कर्नल, आणि मी सार्जंट. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि तारीख दाखवली. तो एवढंच म्हणाला, ठीक आहे, दुसरा कोण आहे बघ. मग फोनाफोनी, दुसरा लोडमास्टर, त्याची विश्रांती पुरी झालीय का ते विचारणं, नवीन आदेश, परत सही. विमान उशिरा गेलं पण बरोबर गेलं. कर्नलने सार्जंटचं निमूट ऐकलं कारण तिथे हुद्दा नाही, नोंद बोलते. मला या कामाबद्दल जो आदर आहे ना तो इथूनच आलाय, आणि मला मनापासून वाटतं की आपल्याकडे कुठल्याही खात्यात अशी सवय लागली तर किती जीव वाचतील.

विश्रांतीचं म्हणाल तर नियम असा की ड्युटी सुरू व्हायच्या आधी किमान १२ तास क्रू रेस्ट, आणि त्यात ८ तास अखंड झोपायची संधी मिळालीच पाहिजे. टेकऑफच्या आधीच्या १२ तासांत दारूचा थेंब नाही. सी-१७ चा साधा क्रू असेल तर ड्युटी जास्तीत जास्त १६ तासांची, जास्तीचा पायलट बरोबर घेतला की २४ पर्यंत जाते. फुल-टाइम एअर फोर्समध्ये हे बघणं तुलनेने सोपं, माणूस कालपासून कुठे होता ते सगळ्यांना माहीत असतं. रिझर्व्हमध्ये तसं नाही. आमच्यातले कितीतरी पायलट एरवी एअरलाइनमध्ये असतात, कोणी काल रात्री शिकागोहून प्रवासी घेऊन आलेला असतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि नाइट शिफ्ट करून थेट बेसवर आलेली असते. तेव्हा त्यांना तोंडावर विचारावं लागतं, बाबा रे, काल झोपलास किती वाजता. हे विचारायला सुरुवातीला संकोच वाटतो, वय-हुद्दा आडवा येतो, पण विचारायचंच असतं आणि समोरच्यालाही ते अपेक्षित असतं.

मग वेळ. सगळं झुलू टाइममध्ये चालतं, म्हणजे ग्रीनिचची वेळ. आदेशावर १५ तारीख ०४०० झुलू असं असेल तर कॅलिफोर्नियात हिवाळ्यात ती १४ तारखेची रात्रीचे ८ ची वेळ आणि भारतात १५ ला सकाळचे साडेनऊ. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचं घड्याळ एक तास सरकतं, झुलू सरकत नाही. नवीन माणूस इथे हमखास अडखळतो म्हणून भिंतीवर दोन्ही घड्याळं असतात आणि फोनवर वेळ सांगताना कुठली ते प्रत्येक वेळी उच्चारायचं.

विमान परत आलं की क्रू फॉर्म आणून देतो, त्यावर कोणी किती वेळ चालवलं, किती वेळ शिकवलं, रात्रीचे किती, ढगांत नुसत्या इन्स्ट्रुमेंट्सवर किती, हे सगळं. तास दशांशात लिहितात, ४ तास २० मिनिटं म्हणजे ४.३. हे आकडे वरवर किरकोळ वाटतात पण यावरच माणसाचा फ्लाइंग पे अवलंबून असतो, इन्स्ट्रक्टर व्हायला तो पात्र झाला की नाही ते ठरतं, आणि नियमाने ३० दिवसांत १२५ तास आणि ९० दिवसांत ३३० तास ही जी मर्यादा आहे ती मोजली जाते. तेव्हा एक्सेलचं काम म्हणालात ते दिसायला खरंय, पण यातली एक चुकीची रांग म्हणजे थकलेला माणूस कॉकपिटमध्ये, हे डोक्यात ठेवून ते करावं लागतं.

प्रश्न: मी ह्यूस्टनला शाळेत शिकवते. वादळात शिरणारी जी विमानं असतात ती पण रिझर्व्हची असतात हे खरं का? मुलांना सांगायचंय.

उत्तर: खरंय आणि जरूर सांगा. मिसिसिपीत बिलॉक्सी गावात कीझलर बेसवर ५३ वेदर रेकॉनिसन्स स्क्वाड्रन आहे, हरिकेन हंटर्स म्हणतात त्यांना, आणि ते पूर्णपणे एअर फोर्स रिझर्व्हचं युनिट आहे. डब्ल्यूसी-१३०जे ही १० विमानं, चार प्रोपेलरवाली. हरिकेनमध्ये साधारण १०,००० फुटांवरून आरपार जातात, वादळाच्या डोळ्यातून, म्हणजे मधल्या शांत भागातून, जाऊन परत वळून दुसऱ्या बाजूने, वरून बघितलं तर फुलीसारखा आकार होतो. जाता जाता नळीतून ड्रॉपसोंड नावाचं यंत्र खाली सोडतात, ते छोट्या पॅराशूटवर समुद्रापर्यंत पडताना हवेचा दाब, तापमान, दमटपणा, वारा कळवत राहतं आणि ती माहिती मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरला जाते. नोआ या सरकारी हवामान संस्थेची वेगळी विमानं आहेत, ती फ्लोरिडातून उडतात, ती सैन्याची नव्हेत.

तुम्ही ह्यूस्टनच्या म्हणून आणखी एक सांगते. वादळात मुद्दाम विमान नेण्याची सुरुवात तुमच्याच टेक्सासात झाली, २७ जुलै १९४३ ला जोसेफ डकवर्थ नावाचा अधिकारी ब्रायनहून एका इंजिनाचं ट्रेनर विमान घेऊन गॅल्व्हेस्टनजवळच्या हरिकेनमध्ये शिरला होता. मुलांना हे आवडेल.

आणि डेस्कच्या बाजूने बघा, १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत सीझन, एकेक फ्लाइट दहा-दहा तासांची, वादळ जमिनीकडे यायला लागलं की एक विमान परतायच्या आत दुसरं आत हवं, आणि क्रूमधले बरेच जण पार्ट-टाइम. एकाच वेळी दोन वादळं उठली तर किती क्रू लागतील, किती जणांना नोकरीवरून बोलवायचं, कोणाची विश्रांती कधी संपते. वर वादळ तुमच्याच गावाकडे येत असेल तर क्रूची घरं, बायका-मुलं त्याच वाटेवर. मला त्या डेस्कवरच्या लोकांबद्दल फार वाटतं.

प्रश्न: माझे मिस्टर जायचं म्हणतायत. महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून दोन आठवडे, बस्स, असं त्यांना रिक्रूटरने सांगितलं. आमचं बाळ दीड वर्षाचं आहे. (डॅलस)

उत्तर: रिक्रूटर खोटं बोलला नाही पण अर्धंच बोलला. एक वीकेंड-दोन आठवडे हे ट्रेनिंग झाल्यानंतरचं. त्याआधी टेक्सासमध्येच सॅन अँटोनियोच्या लॅकलँडला बेसिक ट्रेनिंग, साडेसात आठवडे, त्यात फोन जवळपास नाहीच म्हणा, पत्रं लिहायची. मग टेक्निकल स्कूल, ऑपरेशन्सची ही कामं कीझलरला शिकवतात, तिथे आणखी काही आठवडे. मग युनिटला परत येऊन काम हातात बसेपर्यंत बरेचदा सलग ड्युटी देतात. म्हणजे पहिल्या वर्षात कित्येक महिने तुम्ही आणि बाळ एकटे, हे धरून चाला. सासूबाई किंवा आई भारतातून येणार असतील तर त्यांचा व्हिसा आणि तिकिटं या तारखांशी जुळवून बघा, आणि ट्रेनिंगच्या तारखा पुढे-मागे सरकतात हेही लक्षात ठेवा.

पुढे वीकेंड जो असतो तोसुद्धा शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ पूर्ण जातो, बेस लांब असेल तर शुक्रवार रात्रही. वर्षाचं वेळापत्रक आधी मिळतं ही चांगली गोष्ट, आमच्याकडे ते फ्रिजवर लावलेलं असतं, आणि गणपती, दिवाळी, मुलांचे वाढदिवस त्यात सापडतात. सापडले की दुसऱ्या तारखेला ड्युटी बदलून मागता येते, दर वेळी मिळतेच असं नाही. शिवाय ऑनलाइन कोर्स असतात, फिटनेस टेस्ट असते, त्याची तयारी घरच्याच वेळात होते.

मी तुम्हाला नको म्हणत नाहीये. पण हा निर्णय एकट्या त्यांचा नाही, आणि तुम्ही 'हो' म्हणणार असाल तर सगळं समजून म्हणा, म्हणजे मधेच कुढायला होणार नाही. पुढच्या वेळी रिक्रूटरकडे दोघं मिळून जा, बायको-नवऱ्याने बरोबर येणं तिथे अगदी नॉर्मल आहे.

प्रश्न: मी वर्षभरापासून रिझर्व्हमध्ये आहे. माझा मॅनेजर म्हणतो ड्युटीच्या दिवसांसाठी तुझी सुट्टी वापर, आणि दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगच्या वेळी रिलीज आहे म्हणून जाऊ नकोस. काय करू? (नाव-गाव देऊ नये)

उत्तर: तो दोन्ही बाबतीत चुकतोय. १९९४ चा यूएसईआरआरए नावाचा फेडरल कायदा आहे, कंपनी पाच माणसांची असो की पन्नास हजारांची, सगळ्यांना लागू. तुमची जमलेली सुट्टी तुम्हाला हवी असेल तर वापरा, ती वापर म्हणून जबरदस्ती करता येत नाही. ट्रेनिंगला जाऊ नकोस असंही म्हणता येत नाही. तुमची बाजू एवढीच की आधी कळवायचं, आणि मी म्हणेन तोंडी नको, मेल करा, वर्षाच्या ड्युटीच्या तारखा हातात पडल्या की त्याच दिवशी पाठवा. पगार द्यायची सक्ती मात्र कायद्यात नाही, काही कंपन्या फरक भरून देतात, काही नाही देत, ते एचआरच्या पॉलिसीत बघा.

परत येण्याच्या मुदती पाठ करा. ३० दिवसांपर्यंतची ड्युटी असेल तर घरी पोचून ८ तास विश्रांती झाल्यावर जी पुढची शिफ्ट येईल तिला हजर व्हायचं. ३१ ते १८० दिवस असेल तर १४ दिवसांत परत घ्या असं कळवायचं, त्याहून जास्त असेल तर ९० दिवस मिळतात. एका नोकरीत एकूण ५ वर्षांपर्यंतच्या सेवेला संरक्षण आहे आणि महिन्याचे वीकेंड, वर्षाचे दोन आठवडे त्या ५ वर्षांत धरत नाहीत.

भांडायच्या आधी ईएसजीआरला फोन करा, संरक्षण खात्याची संस्था आहे, १९७२ पासूनची, त्यांचे स्वयंसेवक फुकट मध्यस्थी करतात, मॅनेजरशी शांतपणे बोलतात आणि बरेचदा तिथेच मिटतं कारण अनेक मॅनेजरना हा कायदा खरोखर माहीतच नसतो. नाही मिटलं तर लेबर डिपार्टमेंटकडे तक्रार. आणि आपली माणसं इथे एक करतात, टीमला त्रास नको म्हणून स्वतःच गप्प बसून सुट्ट्या जाळतात, ते करू नका, तुमच्यानंतर त्या टीममध्ये येणाऱ्या रिझर्व्हिस्टला त्याचा त्रास होतो.

प्रश्न: ओसीआय कार्डाचं काय होतं? कोणीच नीट सांगत नाही. (हे विचारणारे खूप जण होते)

उत्तर: ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड. हे प्रत्येकाने सही करायच्या आधी वाचावं. भारत सरकारच्या ओसीआयच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलंय की परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळत नाही. पार्ट-टाइमला वेगळी सवलत त्यात लिहिलेली नाही. तुमच्याकडे आधीपासून कार्ड असेल तर मित्रांच्या ग्रुपवर विचारून अंदाज बांधू नका, भारतीय वकिलातीला लेखी विचारा, इमिग्रेशनचा वकील गाठा, आणि कुठल्याही फॉर्मवर सैन्याची नोकरी लपवू नका. साध्या भारतीय व्हिसाच्या अर्जातही सैन्य-पोलिसांत आहात का होतात असा प्रश्न असतोच, तिथे खरंच लिहायचं. व्हिसावर भारतात जाता येतं, पण आई आजारी आहे म्हणून रात्रीत विमानात बसणं कठीण होतं, आणि ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यात जड जाते. गावाकडची जमीन, पुण्यातला फ्लॅट, एनआरई खातं, या सगळ्यावर काय परिणाम होईल ते सीएला विचारून घ्या.

दुसऱ्या बाजूने अमेरिकेलाही सांगावं लागतं. ऑपरेशन्सच्या बऱ्याच जागांना सीक्रेट क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची परवानगी, लागतो, तो फक्त नागरिकाला मिळतो. ग्रीन कार्डवर शिपाई-सार्जंटच्या रांगेत भरती होता येतं पण क्लिअरन्सच्या जागा मिळत नाहीत, अधिकारी होता येत नाही, आणि एच-१बी वर तर भरतीच नाही. क्लिअरन्ससाठी एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म, त्यात भारतातले आईवडील, भाऊ-बहीण, सासू-सासरे यांची नावं-पत्ते, भारतातली मालमत्ता, खाती, गेल्या काही वर्षांतले परदेश प्रवास सगळं. वडिलोपार्जित शेतात तुमचं नाव सातबाऱ्यावर असेल तर तेही. भारतात नातेवाईक असणं हा काही गुन्हा नाही, लपवणं मात्र अंगाशी येतं. आणि पुढेही दर भारतवारी आधी कळवावी लागते.

प्रश्न: मी कोल्हापूरचा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. भारतात असं पार्ट-टाइम फ्लाइट ऑपरेशन्स करता येतं का?

उत्तर: मित्रा, विमानांचं पार्ट-टाइम काम सध्या आपल्याकडे नाही. पूर्वी होतं. १९५२ च्या कायद्याने ऑक्झिलरी एअर फोर्स उभी केली होती, नोकरी-धंदा सांभाळून उडणारे लोक, आणि त्यात मुंबईचं ५२ नंबरचं स्क्वाड्रन होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती स्क्वाड्रन्स नियमित हवाई दलात घेतली. ती परत उभी राहावी असं मला फार वाटतं, आपल्याकडे आता एअरलाइन्समध्ये इतके पायलट, डिस्पॅचर, इंजिनिअर आहेत.

पार्ट-टाइम वर्दी म्हणशील तर टेरिटोरियल आर्मी आहे, १९४९ पासून, आणि तुझ्या कोल्हापुरातच १०९ इन्फंट्री बटालियन आहे, मराठा लाइट इन्फंट्रीची. अधिकारी व्हायला वय १८ ते ४२ आणि आधी स्वतःची कमाई हवी, म्हणजे डिग्री झाल्या झाल्या नाही. पण तुला विमानांचंच करायचं असेल तर फुल-टाइम जा. एएफसीएटीची परीक्षा दे, हवाई दलाच्या ग्राउंड ड्युटीत अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शाखा आहे, त्यातले काही अधिकारी एअर ट्रॅफिक कंट्रोल आणि फायटर कंट्रोल करतात. फॉर्म भरण्याआधी पात्रतेचे टक्के आणि विषय नीट वाच.

प्रश्न: पैसे किती मिळतात? पेन्शन आहे का?

उत्तर: वीकेंडच्या दोन दिवसांत चार ड्रिल, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या हजेऱ्या, धरतात आणि चार दिवसांचा मूळ पगार मिळतो, सुरुवातीच्या हुद्द्यावर ती रक्कम सॉफ्टवेअरच्या पगारापुढे लहान आहे, पैशांसाठी येऊ नका. ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट हा आरोग्य विमा मात्र खरंच चांगला आणि स्वस्त आहे, स्वतःचा धंदा असणाऱ्या कुटुंबाला तो मोठा आधार, फक्त फेडरल सरकारच्या नोकरीत असणाऱ्यांना सध्या तो घेता येत नाही. पेन्शनसाठी २० चांगली वर्षं लागतात, चांगलं वर्ष म्हणजे ज्यात किमान ५० पॉइंट जमले, त्यातले १५ नुसत्या सभासदत्वाचे आणि बाकी प्रत्येक ड्रिलला एक. पैसे हातात यायला साधारण ६० वय उजाडतं, सक्रिय ड्युटी जास्त झाली तर थोडं आधी.

प्रश्न: ताई, मी ३९ वर्षांची, दोन मुलं, अकाउंट्समध्ये काम. उशीर झाला का? आणि रिक्रूटरला काय विचारू? (सॅक्रामेंटो)

उत्तर: वयाने नाही झाला, २०२३ मध्ये एअर फोर्सने भरतीची मर्यादा ४२ केलीय. अकाउंट्सवाली व्यक्ती या डेस्कवर फार चांगली बसते, तारखा आणि ताळे जुळवायची सवय असते. धावायला मात्र आजपासून लागा, बेसिकमध्ये वीस वर्षांच्या मुलींबरोबर धावायचंय.

रिक्रूटरला विचारायचं ते हे. रिझर्व्हमध्ये भरती विशिष्ट युनिटच्या विशिष्ट रिकाम्या जागेवर होते, तेव्हा सॅक्रामेंटोजवळ ट्रॅव्हिस बेस आहे, तिथल्या ३४९ विंगमध्ये ऑपरेशन्सची जागा आत्ता रिकामी आहे का, आणि ती माझ्या काँट्रॅक्टमध्ये नावानिशी लिहिली जाणार का. नुसतं "नंतर बघू" म्हणाला तर सही करू नका. त्या स्क्वाड्रनमध्ये एखाद्या ड्युटी वीकेंडला येऊन डेस्क बघू देतील का ते विचारा. टेक स्कूलच्या तारखा किती दिवस आधी कळतात, पुढच्या दोन वर्षांत युनिटला कुठे पाठवायचं ठरलंय का, हेही विचारा, जेवढं सांगता येतं तेवढं ते सांगतात. आणि मुलांना कोण सांभाळणार याचा लेखी प्लॅन काही घरांना द्यावा लागतो, एकटी आई असाल किंवा दोघंही वर्दीत असाल तर, तेव्हा ते नाव आधीच ठरवून त्या माणसाची परवानगी घेऊन ठेवा.